क्षमा आणि तिचा स्वीकार : 'उधळ्या पुत्रा'चा दृष्टान्त व मराठी ख्रिस्ती अनुभव

सारांश

ख्रिस्ती धर्मविचारातील क्षमेची चर्चा बहुधा क्षमा करणाऱ्या ईश्वराच्या बाजूने केली जाते. प्रस्तुत लेखात ती क्षमा घेणाऱ्या माणसाच्या बाजूने केली आहे. लूककृत शुभवर्तमानातील 'उधळ्या पुत्रा'च्या दृष्टान्ताचे संहितानिष्ठ वाचन, सद्धर्मपुंडरीकसूत्रातील दरिद्री पुत्राच्या कथेशी त्याची तुलना आणि पंडिता रमाबाई व रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनातील व लेखनातील साक्ष यांच्या आधारे येथे एक प्रतिपादन केले आहे. ख्रिस्ती विचारात क्षमा स्वीकारणे म्हणजे ईश्वराशी चालविलेला पापपुण्याचा हिशेब सोडून देणे होय, आणि माणसाला तेच सर्वांत अवघड जाते.

बीजसंज्ञा : ईश्वरी प्रेम, कृपा, क्षमा, स्वीकार, दृष्टान्त, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक

१. प्रस्तावना

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार प्रायः दोन अंगांनी झालेला आहे. पहिले अंग भाषेचे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे मुद्रित झाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाची चर्चा मराठीच्या घडणीच्या संदर्भात आवर्जून होते. दुसरे अंग समाजेतिहासाचे. पंडिता रमाबाई स्त्रियांच्या उद्धारकर्त्या म्हणून, टिळक हे धर्मांतरित कवी म्हणून आणि लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून अभ्यासल्या जातात. हे दोन्ही अभ्यास आवश्यकच आहेत. तथापि या लेखकांनी ज्या श्रद्धेपायी आप्तेष्टांचा, जातीचा आणि प्रतिष्ठेचा वियोग पत्करला, त्या श्रद्धेच्या गाभ्याकडे समीक्षेचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. हा गाभा म्हणजे ईश्वराची दया आणि तिने दिलेली क्षमा.

क्षमेचा विचार करताना 'ईश्वर क्षमाशील आहे' असे म्हणून थांबण्याची सवय अनेक धर्मांच्या अनुयायांना असते. परंतु क्षमा ही देण्याघेण्याची क्रिया आहे. देणारा देतो म्हणून ती पूर्ण होत नाही. घेणाऱ्याने ती घ्यावी लागते. देणारा ईश्वर असेल आणि तो विनामूल्य देत असेल, तर घेणाऱ्याला अडचण कोणती? ख्रिस्ती ग्रंथपरंपरेने या प्रश्नाकडे पाहिलेले आहे, आणि तिचे उत्तर मानवी स्वभावाविषयी बरेच काही सांगून जाते. प्रस्तुत लेखात या उत्तराचा शोध घ्यावयाचा आहे.

२. संज्ञाविचार

मराठीत क्षमेसाठी जे शब्द आहेत त्यांचा आधी विचार करणे उचित ठरेल. 'क्षमा' हा शब्द संस्कृत 'क्षम्' या धातूपासून आला आहे. सोसणे आणि समर्थ असणे हे दोन्ही अर्थ या धातूत आहेत. 'सक्षम', 'क्षमता' हे शब्द त्याच कुळातील. क्षमा करणारा हा सोसण्याइतका समर्थ असतो, असा भाव त्यात आहे. 'माफी' हा अरबीतून आलेला शब्द मात्र व्यवहारातील आहे. सारामाफी, कर्जमाफी या प्रयोगांत तो आजही जिवंत आहे. देणे रद्द करणे, बंधनातून मोकळे करणे हा त्याचा अर्थ होय.

नव्या करारातील क्षमावाचक ग्रीक शब्द 'आफेसिस' हा या दुसऱ्या अर्थाला जवळचा आहे. सोडून देणे, मुक्त करणे असा त्याचा मूळ अर्थ असून ऋणातून सुटका आणि बंदिवासातून सुटका अशा दोन्ही संदर्भांत तो येतो. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापाला ऋण म्हटले आहे आणि प्रचलित मराठी भाषांतरानेही तो शब्द राखला आहे. यावरून 'क्षमा' या मराठी शब्दावरच विसंबून राहिल्यास ख्रिस्ती कल्पनेची एक बाजू निसटते, असे म्हणता येईल. क्षमा करणाऱ्याची सहनशीलता दिसते; क्षमा मिळालेल्याचे ऋणमुक्त होणे दिसत नाही.

दयेच्या बाबतीत मात्र मराठी वाक्प्रचार मूळ कल्पनेच्या अगदी जवळ जातो. हिब्रू बायबलमध्ये ईश्वराच्या करुणेसाठी 'रहमीम' हा शब्द येतो. गर्भाशय या अर्थाच्या 'रेहेम' या शब्दाशी त्याचे नाते आहे. उधळ्या पुत्राला दुरून पाहताच पित्याला जो कळवळा येतो, त्यासाठी लूकने योजलेले ग्रीक क्रियापद आतडी या अर्थाच्या शब्दापासून बनले आहे. मराठीत 'आतडे तुटणे' आणि 'अपराध पोटात घालणे' असे आपण म्हणतो. पोटात घालणारी मुख्यतः आई असते. जो वाक्प्रचार मराठी माणूस रोज वापरतो, त्यात 'रहमीम'चा अर्थ जणू सांभाळलेला आहे. टिळकांच्या काव्याकडे वळताना या मुद्द्याचा उपयोग होईल.

३. न उच्चारलेले वाक्य

लूकच्या पंधराव्या अध्यायात तीन दृष्टान्त आहेत : शंभरांतील एक हरवलेले मेंढरू, दहांतील एक हरवलेले नाणे आणि दोघांतील एक हरवलेला मुलगा. येशू जकातदार व पापी यांचे स्वागत करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो, अशी परूशी व शास्त्री यांची कुरकुर हा या दृष्टान्तांचा प्रसंग होय. वादाचा विषय पंक्ती हा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. पंक्तीला कोणी बसावे, हा प्रश्न आपल्याकडे धर्माचा, जातीचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

'उधळ्या पुत्र' हे प्रचलित शीर्षक मूळ संहितेतील नव्हे. ते परंपरेने दिलेले आहे. त्यामुळे कथेचा भार मुलाच्या उधळपट्टीवर पडतो. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी ही पित्याच्या प्रेमाची कथा आहे, असे म्हटले ते यासाठीच. परंतु कथेचा आणखी एक विषय आहे, आणि तो दोन्ही नावांत येत नाही. तो म्हणजे हे प्रेम मुलगे घेतात का, आणि कसे घेतात.

धाकटा मुलगा परदेशात डुकरे राखत असताना भानावर येतो आणि पित्यासमोर करावयाचे निवेदन मनाशी जुळवितो. त्यात तीन भाग आहेत. आपण स्वर्गाविरुद्ध व पित्याविरुद्ध पाप केले, ही कबुली. आपण मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, हा निर्णय. आणि आपल्याला मोलकऱ्यांपैकी एक म्हणून ठेवावे, ही मागणी. हे तिसरे वाक्य निरखून पाहण्यासारखे आहे. वरवर ती नम्रता वाटते. पण तिच्यात एक व्यवहार दडलेला आहे. मोलकरी म्हणून राहिले म्हणजे मजुरी मिळणार, मजुरीतून खाल्लेले अन्न कमावलेले ठरणार आणि पित्याच्या घरी राहूनही कोणाच्या उपकाराखाली राहावे लागणार नाही. अपराधी मनाला दानापेक्षा शिक्षा सोपी वाटते, कारण शिक्षा भोगून हिशेब पुरा करता येतो.

प्रत्यक्ष भेटीत मुलगा पहिली दोन वाक्ये बोलतो. तिसरे बोलत नाही. काही प्राचीन हस्तलिखितांत ते वाक्य पुन्हा आलेले आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु आज अभ्यासकांत सामान्यतः मान्य असलेल्या चिकित्सित संहितेत ते नाही. ज्या लेखनिकांनी ते भरले त्यांना तयार केलेले निवेदन अपुरे राहिलेले खटकले असावे. वस्तुतः कथेचे मर्म त्या अपुरेपणातच आहे. पित्याने त्याला पुढे बोलू दिले नाही, असा एक अर्थ होतो. पित्याची मिठी पडल्यावर ती मागणी त्याला करवली नाही, असाही दुसरा अर्थ होतो. दोन्ही अर्थांनी निष्कर्ष एकच निघतो : मुलाने पुत्रत्व कमावले नाही, ते नाकारण्याचा हट्ट तेवढा सोडला. त्यानंतर आणलेला उत्तम झगा, बोटातील अंगठी आणि पायांतील जोडा या तिन्ही वस्तू घरच्या मुलाच्या आहेत, मोलकऱ्याच्या नव्हेत. पिता त्याला आपली क्षमा शब्दांत सांगत नाही; तो त्याला कपडे घालावयास लावतो. मुलाकडून अपेक्षा असलेली एकमेव कृती म्हणजे ते अंगावर चढवू देणे.

४. थोरल्या मुलाची वही

थोरला मुलगा शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि आत जाण्याचे नाकारतो. पिता बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. म्हणजे या पित्याला एकाच दिवशी दोन मुलांसाठी घराबाहेर यावे लागले. थोरल्याच्या उत्तराची भाषा हिशेबाची आहे. इतकी वर्षे आपण राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांसह मौज करण्यासाठी कधी करडूसुद्धा मिळाले नाही. 'राबलो' या अर्थी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद गुलामाच्या सेवेचे आहे. धाकटा ज्या पदाची याचना करण्याचा विचार करीत होता, त्याहून खालच्या पदावर थोरला मनाने वर्षानुवर्षे राहत होता. तो भावाला भाऊ म्हणत नाही, पित्याचा मुलगा म्हणतो. पिता मात्र उत्तर देताना नाते दुरुस्त करतो आणि त्याला तुझा भाऊ म्हणतो.

दोघे भाऊ परस्परविरोधी वाटले तरी त्यांची समजूत एकच आहे : पित्याच्या घरातील स्थान योग्यतेने मिळते. आपली योग्यता संपली असे धाकट्याला वाटते, तर आपल्या योग्यतेचे मोल मिळाले नाही असे थोरल्याला वाटते. धाकट्याची समजूत पित्याच्या दारात गळून पडते. थोरल्याचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. तो आत गेला की अंगणातच उभा राहिला? कथेचा शेवट मोकळा सोडण्याचे कारण उघड आहे. ज्यांना उद्देशून ती सांगितली ते परूशीच थोरल्याच्या जागी उभे आहेत आणि उत्तर त्यांनी द्यावयाचे आहे.

येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. थोरल्याची तक्रार निराधार नाही. मालमत्तेची वाटणी झालेली आहे. उरलेले त्याच्या वाट्याचे आहे. मेजवानीचा खर्च एका अर्थी त्याच्या मालातून होत आहे. दुसऱ्याला मिळालेली क्षमा आपल्याला काहीतरी मोजावयास लावते, हे कथाकाराला माहीत आहे. म्हणूनच पिता त्याच्यावर रागावत नाही. त्याच्याशी मायेने बोलतो.

५. ऋणमुक्त दास, यहूदा आणि पेत्र

क्षमा मिळणे आणि ती स्वीकारणे यांतील अंतर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात अधिक कठोरपणे दिसते. एका दासाला राजाचे दहा हजार तालांत देणे होते आणि त्याच्या सोबत्याला त्याचे शंभर दीनार देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, असे धरले तर पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते आणि ते दुसऱ्याच्या सहा लाख पट होते. दासाने राजाकडे मुदत मागितली. सर्व फेडीन असे तो म्हणाला. राजाने मुदत दिली नाही, कर्जच सोडून दिले. बाहेर पडताच या दासाने सोबत्याचा गळा धरला. सामान्यतः त्याची कृतघ्नता दाखविण्यासाठी ही कथा सांगितली जाते. पण तो असे का वागला, याचे उत्तर त्याच्या मागणीत आहे. त्याने मुदत मागितली होती आणि मनाने तो मुदतीतच राहिला. कर्ज सुटले ही गोष्ट त्याने कानांनी ऐकली, पण अंगी लागू दिली नाही. ज्याला अजून फेडावयाचे आहे असे वाटते, तो वसुलीही करणारच.

येशूच्या अटकेच्या रात्री दोन शिष्य पडले. यहूदाने त्याला धरून दिले; पेत्राने त्याला तीनदा नाकारले. मत्तयाच्या कथनानुसार यहूदाला पस्तावा झाला, त्याने निर्दोष माणसाला धरून दिल्याची कबुली दिली आणि तीस रुपये परत केले. पुढील काळात ख्रिस्तसभेने प्रायश्चित्ताची जी तीन अंगे मानली, म्हणजे अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई, ती तिन्ही येथे उपस्थित आहेत. उणीव एकच होती. ही कबुली ज्यांच्यासमोर झाली त्या याजकांना तिच्याशी कर्तव्य नव्हते आणि ज्याच्याकडे क्षमा होती त्याच्याकडे यहूदा गेला नाही. त्याने स्वतःच न्याय करून स्वतःच शिक्षा दिली. मत्तयाने त्याच्या पस्ताव्यासाठी वापरलेले क्रियापद खेद व्यक्त करणारे आहे. मन वळणे या अर्थाची 'मेटानोइया' ही संज्ञा तेथे नाही. पेत्राने कोणतीही भरपाई केली नाही. तो रडला आणि राहिला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले जाते. तिसऱ्या प्रश्नाने त्याला दुःख होते, पण तो उत्तर देतो. तीन नकारांची जखम न झाकता ती क्षमा घेणे हे त्याला जमले.

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मोठे वाद याच प्रश्नाभोवती फिरले आहेत. माणूस ईश्वरासमोर नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने, की कृपेला दिलेल्या त्याच्या सहकार्याचाही त्यात वाटा असतो? ल्यूथरच्या १५१७ नंतरच्या चळवळीने आणि ट्रेंट परिषदेच्या १५४७ च्या निर्णयाने या प्रश्नावर पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक संघ व रोमन कॅथॉलिक ख्रिस्तसभा यांनी नीतिमत्त्वाच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्र केले आणि आरंभ कृपेचाच असतो, यावर एकमत नोंदविले. विसाव्या शतकातील धर्मचिंतक पॉल टिलिख यांनी १९४८ च्या आपल्या प्रवचनसंग्रहात श्रद्धेची व्याख्या याच अंगाने केली : आपण स्वीकारार्ह नसतानाही स्वीकारले गेलो आहोत, हे स्वीकारणे म्हणजे श्रद्धा.

६. दरिद्री पुत्राची कथा : एक तुलना

क्षमा घेण्याची अडचण ख्रिस्ती परंपरेलाच दिसली असे नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झालेल्या सद्धर्मपुंडरीकसूत्र या महायान ग्रंथाच्या चौथ्या, अधिमुक्ति नामक परिवर्तात एक पितापुत्रकथा आहे. लहानपणी घर सोडून गेलेला मुलगा अनेक वर्षे दारिद्र्यात भटकतो. पिता दरम्यान श्रीमंत होतो. मुलगा भटकत पित्याच्या दाराशी येतो, पण ते वैभव पाहून भितो आणि पळ काढतो. पित्याने पाठविलेली माणसे त्याला धरतात तेव्हा तो मूर्च्छित पडतो. पिता त्याला सोडून देतो आणि गरीब वेषातील माणसांकरवी त्याला केर-उकिरडा उपसण्याच्या कामावर आणतो. स्वतः मळके कपडे घालून त्याच्याजवळ जातो. वीस वर्षे असे चालते. हळूहळू त्याच्यावर भांडाराची जबाबदारी सोपविली जाते आणि मृत्यू जवळ आल्यावर पिता सर्वांसमक्ष त्याला आपला पुत्र म्हणून जाहीर करतो.

या दोन कथांत ऋणानुबंध शोधण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांचा अभिप्रायही वेगळा आहे : एकीत पाप व क्षमा, तर दुसरीत अज्ञान व उपायकौशल्य. परंतु स्वीकाराच्या प्रश्नावर त्या समोरासमोर येतात. दोन्हीकडे मुलगा स्वतःला मोलकरी समजतो. बौद्ध कथेतील पिता ही समजूत काही काळ चालू देतो आणि तिच्यातूनच मुलाला वर आणतो. लूकचा पिता ती एका क्षणात मोडतो. एका ठिकाणी प्रेम धीर धरते, दुसऱ्या ठिकाणी ते धावत सुटते. बौद्ध कथाकाराला माणसाची घेण्याची असमर्थता अधिक स्पष्ट दिसली आहे, हे मान्य करावे लागेल. लूकच्या कथेत मुलगा झगा चढवून घेतो हे जणू सहज घडते. प्रत्यक्ष जीवनात ते सहज घडत नाही, याची साक्ष मराठी ख्रिस्ती अनुभवात मिळते.

७. पंडिता रमाबाई : १८८३ ते १८९१

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्याआधी लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवीत असलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांविषयी कोणाला आस्था का वाटावी, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. हे सारे रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत नोंदविले आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायातील ही कथा लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट जाणवते. येशू त्या स्त्रीचे पूर्वायुष्य जाणतो, पण तिला दोष देत नाही आणि क्षमा केल्याचेही सांगत नाही. संवादाचा आरंभ तो तिच्याकडे पाणी मागून करतो. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी यहूदी माणसाने घेऊ नये अशी रूढी होती, तिच्याकडे तो घेणारा होतो. महाराष्ट्रातील एका शास्त्रसंपन्न ब्राह्मण स्त्रीला या पाण्याचा अर्थ किती खोल उमगला असेल, याची कल्पना करता येते.

तथापि याच साक्षीतील पुढील कबुली अधिक महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. मधल्या काळात त्यांनी 'दि हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) लिहिले होते, अमेरिकेत व्याख्याने दिली होती आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले होते. बाहेरून पाहता त्यांचे ख्रिस्ती जीवन फलद्रूप होते. त्यांना उणीव जाणवली ती निराळी. आपण पापी म्हणून, काहीही बरोबर न आणता यावे आणि दिलेली क्षमा घ्यावी, हे त्यांना तोवर साधले नव्हते.

रमाबाईंच्या चरित्राचे वाचन करताना १८८३ हे वर्ष निर्णायक मानले जाते आणि १८९१ हे वर्ष त्यांच्या खाजगी भक्तिजीवनातील तपशील म्हणून बाजूला ठेवले जाते. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हा क्रम बदलला पाहिजे. १८८३ मध्ये एका विदुषीने एक धर्म तपासून मान्य केला. त्यात तिची बुद्धी, तिची निवड आणि तिचे स्वातंत्र्य होते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून हे स्वातंत्र्य किती टोकदार होते, ते दिसते. १८९१ मध्ये तिने जे केले त्यात निवडण्यापेक्षा सोडण्याचा भाग अधिक होता. बालपणापासून तीर्थयात्रा, उपवास आणि पुराणपठण यांतून पुण्य साठविण्याचे संस्कार झालेल्या आणि दुष्काळपर्वात आईवडील गमावलेल्या या स्त्रीला पुण्याचा हिशेब काय असतो, ते चांगले ठाऊक होते. नव्या धर्मातही तोच हिशेब नव्या नावाने चालू राहू शकतो, हे तिला उमगले. 'आपण ख्रिस्ती झालो' या समाधानातही थोरल्या मुलाची वही शिल्लक असू शकते.

या आंतरिक घटनेचा त्यांच्या पुढील कार्याशी संबंध जोडता येतो. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनाच्या परिसरात त्यांनी 'कृपासदन' नावाचा स्वतंत्र विभाग समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी चालविला. शारदा, मुक्ती, कृपा हा नावांचा क्रमच बोलका आहे. विद्येकडून सुटकेकडे आणि सुटकेकडून अनर्जित दानाकडे तो जातो.

८. टिळक : पोटात घालणारी माउली

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वपरिचित आहेत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा माउली होऊन येतो. वारकरी परंपरेत विठ्ठल ही विठाई आहे आणि ज्ञानेश्वर हे माउली आहेत. तेव्हा टिळकांनी देशी प्रतिमा उचलून परक्या देवाला मराठी वेष दिला, असे या प्रतिमेचे स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. 'रहमीम' या शब्दाची चर्चा वर केली आहे. तान्ह्या लेकराला न विसरणाऱ्या आईची उपमा यशयाने ईश्वराला दिली आहे. पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा येशूने स्वतःला दिली आहे. म्हणजे माउलीची प्रतिमा बायबलमध्ये होतीच. पाश्चात्त्य धर्मशास्त्राच्या न्यायालयीन परिभाषेत ती मागे पडली होती. टिळकांनी ती मराठी भक्तीच्या बळावर पुढे आणली. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले तेव्हा एका शब्दाचे स्थलांतर झाले; टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले तेव्हा मूळ संहितेतील एक विसरलेला अर्थ सापडला.

या प्रतिमेने स्वीकाराचा प्रश्नही बदलतो. न्यायाधीशासमोर क्षमा घेताना आरोपीचे भान राहते, तर आईसमोर लेकराचे. लेकराला आईचे दूध आपण कमावले पाहिजे असे वाटत नाही. म्हणून टिळकांच्या भक्तिरचनांत क्षमा घेण्याचा संकोच कमी आणि जवळ घेण्याची आर्जवे अधिक दिसतात. मात्र येथे एक मर्यादाही आहे. माउलीची प्रतिमा फार सुखद झाली तर अपराधाचे गांभीर्य पुसट होण्याचा धोका असतो. टिळकांच्या बाबतीत या धोक्याला उतारा त्यांच्या आचरणातून मिळतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. वेतनाचा त्याग आणि पंक्तीचा विस्तार या दोन्ही कृती एकत्र पाहिल्या, तर मोलकऱ्याचे नाते सोडून पुत्राचे नाते घेण्याचा अर्थ त्यांनी जगण्यात उतरविला, असे म्हणता येईल.

९. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, विनामूल्य क्षमा माणसाला बेजबाबदार करील. कर्मसिद्धान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला तो सहज सुचेल. पण ख्रिस्ती विचारवंतांनाही तो सुचला आहे. डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' ही संज्ञा वापरून आपल्याच ख्रिस्तसभेची हजेरी घेतली. अनुसरणाशिवाय घेतलेली कृपा ही कृपा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. वर पाहिलेल्या ऋणमुक्त दासाच्या कथेतही हीच कसोटी आहे. क्षमा खरोखर घेतली की नाही, हे ती पुढे दिली जाते की नाही, यावरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने दुसऱ्याने क्षमा कशी करावी? आणि जे स्वतःच अन्यायाचे बळी आहेत त्यांना पापी म्हणून क्षमा घ्यावयास का सांगावे? कृपासदनातील अनेक स्त्रिया समाजाच्या पापाच्या बळी होत्या. त्यांच्यासाठी पापाची भाषा वापरणे हा दुसरा अन्याय ठरू शकतो. येथे शोमरोनी स्त्रीची कथा पुन्हा उपयोगी पडते. तिला क्षमेची वार्ता दिलेली नाही. तिच्याकडे पाणी मागितले आहे. ज्याला समाजाने नाकारले आहे त्याच्या बाबतीत ईश्वरी प्रेमाचा पहिला शब्द क्षमेचा नसून सन्मानाचा असतो. ख्रिस्ती सेवाकार्याने हा फरक नेहमी पाळला असे म्हणता येणार नाही; पण त्याचा आधार त्याच्याच ग्रंथात आहे.

आणि ज्याने खरोखर अपराध केला आहे, त्याचे काय? सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात इंदूरजवळ हत्या झाली. मारेकऱ्याला न्यायालयाने शिक्षा दिली. २००२ मध्ये सिस्टरांच्या धाकट्या भगिनीने, ज्या स्वतःही धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. शिक्षेच्या अकरा वर्षांनंतर तो सुटला आणि पुढे केरळात जाऊन सिस्टरांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. या घटनेत न्याय टळलेला नाही. क्षमा न्यायाच्या जागी आली नाही, त्याच्या पलीकडे गेली. राखी बांधणारा हात पुढे येणे कठीण खरेच. पण ज्या मनगटाने खून केला ते पुढे करणे आणि त्यानंतर त्या आईवडिलांच्या दारात उभे राहणे हेही कमी कठीण नाही. क्षमेच्या चर्चेत या दुसऱ्या धैर्याला फारसे स्थान मिळत नाही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ख्रिस्ती विचारात क्षमा ही ईश्वराची एकतर्फी कृती असली तरी ती मानवी स्वीकाराने पूर्ण होते. हा स्वीकार म्हणजे योग्यता सिद्ध करणे नव्हे, तर योग्यतेचा हिशेब सोडून देणे होय.

२. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील न उच्चारलेले तिसरे वाक्य आणि थोरल्या मुलाचा अनुत्तरित राहिलेला निर्णय, या दोन रिकाम्या जागा दृष्टान्ताच्या अर्थाला निर्णायक आहेत.

३. पंडिता रमाबाईंच्या जीवनात धर्माचा स्वीकार (१८८३) आणि क्षमेचा स्वीकार (१८९१) यांत आठ वर्षांचे अंतर आहे. त्यांच्या उत्तरकालीन कार्याचे आकलन दुसऱ्या घटनेला बाजूस ठेवून पूर्ण होत नाही.

४. टिळकांची ख्रिस्तमाउली ही केवळ देशीकरणाची युक्ती नव्हे. हिब्रू 'रहमीम' आणि मराठीतील 'पोटात घालणे' या दोन्हींतील समान अर्थाचा तो काव्यगत आविष्कार आहे.

५. मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास भाषा व समाजेतिहास यांच्या बरोबरीने धर्मानुभवाच्या अंगानेही व्हावयास हवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे मूळ ग्रंथ आज सुगम मराठीत उपलब्ध आहे आणि अशा अभ्यासाला अडचण उरलेली नाही.

थोरला मुलगा अजून अंगणात उभा आहे. महाविद्यालयांतून धर्मविषयक लेखन शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांचे स्थान बहुधा त्याच्याजवळच असते : नियम पाळलेले, नोंदी चोख ठेवलेल्या आणि आतल्या वाद्यांविषयी थोडी शंका. ही कथा त्या शंकेला दोष देत नाही. पित्याला त्याच्यासाठीही बाहेर यावेसे वाटले, एवढेच ती सांगते.